नवख्या माणसाची मेट्रो

मुंबईची भुयारी मेट्रो, म्हणजे मार्गिका ३, ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड अशी पूर्ण सुरू झाली. तेव्हापासून एक वाद अधूनमधून डोकं वर काढतो: बाहेरून येणाऱ्या पर्यटकांचं मेट्रोत काय करायचं? एका बाजूचं म्हणणं असं की ही गाडी विमानतळाची दोन्ही टर्मिनल्स थेट दक्षिण मुंबईला जोडते, तेव्हा पर्यटकांसाठी खास पास काढा, खास मदतकक्ष उघडा, परदेशी माणसानं नाव काढावं अशी सोय करा. दुसरी बाजू म्हणते, मेट्रो कामावर जाणाऱ्यांसाठी बांधली आहे. फिरायला आलेल्यांनी बॅगा घेऊन गर्दीत घुसू नये, टॅक्सी करावी. दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलतात, पण दोघांच्या डोळ्यांसमोरचा पर्यटक एकच आहे: विमानातून उतरलेला, चाकांची बॅग ओढणारा, इंग्रजी बोलणारा, खिशात क्रेडिट कार्ड असलेला. मुंबईत रोज उतरणाऱ्या पाहुण्यांत असे कितीसे असतात?

सकाळी सीएसएमटीच्या फलाटावर उभं राहून पाहावं. सोलापूरहून सिद्धेश्वर येते, कोल्हापूरहून महालक्ष्मी, मराठवाड्यातून देवगिरी, गोंदियाहून विदर्भ. तिकडे मुंबई सेंट्रलच्या आगारात रात्रभर प्रवास करून आलेल्या एसटी रिकाम्या होत असतात. या गाड्यांतून उतरणारी माणसं एका कामासाठी येत नाहीत. टाटा रुग्णालयात नातेवाईक असतो, मंत्रालयात फाईल अडकलेली असते, मुलीची परीक्षा असते. आणि ते उरकलं की सिद्धिविनायक, गेटवे, चौपाटी, जमलं तर राणीची बाग. घरातली तिघं-चौघं बरोबर असतात, त्यात एक म्हातारं माणूस आणि एक लहान मूल हमखास. पर्यटनाच्या चर्चेत ही माणसं कुणी धरतच नाही. माझ्या मते मेट्रोचा खरा पर्यटक हाच आहे. आणि माझं म्हणणं सरळ आहे: पर्यटकांसाठी वेगळं काही करू नका. मेट्रोची जी सर्वांसाठीची व्यवस्था आहे तीच अशी करा, की परभणीहून पहिल्यांदा आलेल्या माणसाला ती कुणाचा हात न धरता वापरता येईल. ज्या दिवशी हे जमेल त्या दिवशी मुंबईकराचीही निम्मी गैरसोय संपलेली असेल.

विरोधकांचा सगळ्यात जोरकस मुद्दा आधी घेतो, कारण तो खरा आहे. या मार्गिकेला ३७ हजार कोटींच्या घरात खर्च आला, त्यातला मोठा वाटा जपानकडून घेतलेल्या कर्जाचा. पैशांपलीकडचीही किंमत मोजली गेली. गिरगाव-काळबादेवीतल्या कुटुंबांना पिढ्यान् पिढ्यांची घरं रिकामी करावी लागली, आरेतली झाडं गेली, दहा वर्षांच्या आसपास रस्ते पत्र्यांनी अडवलेले होते. ज्यांनी हे सोसलं त्यांचा या गाडीवर पहिला हक्क आहे, आणि सकाळी साडेनऊला बीकेसीला उतरणाऱ्या माणसाच्या वाटेत कुणाची बॅग आडवी येऊ नये, हेही रास्त आहे. पण हक्क पहिला असला म्हणून एकट्याचाच असतो का? कर्जाचे हप्ते गाडी भरलेली असो वा रिकामी, चालूच राहतात. गर्दीच्या वेळा सोडल्या तर डब्यात बसायला जागा मिळते, आणि फिरायला आलेला माणूस बहुतेक वेळा त्याच मधल्या तासांत फिरतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सकाळी सव्वादहाला उघडतं. तिथं जायला कुणी साडेआठची गाडी पकडत नाही. दुपारी दोनला सुटणाऱ्या गाडीतल्या रिकाम्या जागेचा खर्च मुंबईकरानं आधीच भरलेला आहे. त्या जागेवर सोलापूरचं कुटुंब बसलं तर मुंबईकराचा खर्च हलकाच होतो.

शिवाय पाहुण्यांसाठी केलेली सोय शेवटी घरच्यांच्याच कामी येते, याला इतिहास साक्षी आहे. पॅरिसमध्ये मेट्रो कशी असावी, कुणी बांधावी यावर कित्येक वर्षं नुसती भांडणं चालली होती. १९०० चं जागतिक प्रदर्शन तोंडावर आलं तेव्हा निर्णय झाला, आणि १९ जुलै १९०० रोजी, प्रदर्शन चालू असतानाच, पहिली मार्गिका उघडली. प्रदर्शन काही महिन्यांत आटोपलं. मेट्रो सव्वाशे वर्षं पॅरिसकरांना कामावर नेते आहे. दिल्लीत मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला राष्ट्रकुल स्पर्धांची मुदत होती. स्पर्धा सुरू झाल्या त्याच दिवशी, ३ ऑक्टोबर २०१० ला, सरिता विहारपर्यंतची मार्गिका उघडली. त्या खेळांतल्या घोटाळ्यांची चर्चा आजही होते, पण त्या मार्गिकेवरून रोज जाणारे प्रवासी दिल्लीचेच आहेत.

दुसरा मुद्दा भाड्याचा. पर्यटकाकडून जास्त घ्या, असं म्हणणाऱ्यांच्या हाती उदाहरणं भक्कम आहेत. २०२४ च्या ऑलिम्पिकच्या काळात पॅरिसनं मेट्रोचं एका फेरीचं तिकीट २.१५ युरोंवरून थेट ४ युरोंवर नेलं. महिन्याचा किंवा वर्षाचा पास असलेल्या रहिवाशांना त्याची झळ लागली नाही. व्हेनिसमध्ये तर पाण्यातल्या बसला बाहेरच्यानं साडेनऊ युरो मोजायचे आणि गावातल्यानं त्याच्या काही अंशात जायचं, हे नेहमीचंच आहे. आपल्याकडे घारापुरीच्या लेण्यांत भारतीयाला ४० रुपये आणि परदेशी पाहुण्याला ६०० रुपये लागतात आणि त्यात कुणाला अन्याय वाटत नाही. मग मेट्रोनं काय घोडं मारलंय?

फरक असा की लेण्याच्या दारात ओळखपत्र तपासायला वेळ असतो, मेट्रोच्या दारात नसतो. दर दोन सेकंदांना एक माणूस आत सोडणाऱ्या यंत्रापाशी 'तुम्ही कुठले?' हा प्रश्न उभा राहिला की रांग जिन्यापर्यंत जाईल, आणि त्या रांगेत मुंबईकरच उभे असतील. व्हेनिसचं गणितही आपल्याला लागू पडत नाही. जुन्या व्हेनिसमध्ये जेमतेम पन्नास हजार माणसं राहतात आणि येणाऱ्यांचे लोंढे त्याच्या कित्येक पट असतात. इथं उलट आहे. आणि मुख्य म्हणजे, आपल्या पाहुण्यांतले बहुतेक याच राज्याचे आहेत. मेट्रोत राज्य सरकारचाही पैसा आहे, आणि तो पैसा नांदेडच्या माणसाच्या करातूनही येतो. त्याच्याकडून दुप्पट भाडं घ्यायचं ते कुठल्या न्यायानं? रोज जाणाऱ्याला सवलत द्यायची असेल तर पासातून भरघोस द्यावी, त्याला माझा पाठिंबा आहे. कधीतरी येणाऱ्याला दंड कशाला?

'भुयारातून शहर काय दिसणार, त्यापेक्षा लोकलनं जा, बेस्टनं जा' असाही एक सल्ला दिला जातो. शहर पाहायचं तर बेस्टच्या खिडकीसारखी जागा नाही, हे मीही मान्य करतो. पण बरोबर गुडघे दुखणारी आई असेल तर दारात लटकणाऱ्या लोकलचा सल्ला देणाऱ्यानं तिला एकदा चढवून दाखवावं.

आता खऱ्या अडचणीकडे येतो, जिच्याबद्दल दोन्ही बाजू गप्प आहेत. नवखा माणूस गाडीत अडत नाही. तो गाडीच्या आधी आणि गाडीच्या नंतर अडतो.

स्थानकांची नावं घ्या. मार्गिका ३ वर महालक्ष्मी नावाचं स्थानक आहे. कोल्हापूरच्या बाईनं नकाशात ते नाव वाचलं तर ती तिथं उतरणारच, देवीच्या ओढीनं. पण हे स्थानक रेल्वेच्या महालक्ष्मी स्थानकाच्या, सात रस्त्याच्या बाजूला आहे. देऊळ रेसकोर्सच्या पलीकडे, समुद्राकाठी, दीड-दोन किलोमीटरवर. दादरचंही तसंच. मेट्रोचं दादर सेनाभवनाच्या जवळ आहे. तिथं उतरून पंचवटीची गाडी पकडायला निघालेल्या माणसाला गर्दीतून बरंच चालायचं आहे, हे त्याला वर आल्यावर कळतं. मुंबईकराला हे पाठ असतं म्हणून त्याला त्यात काही खटकत नाही. नाव बदला असं मी म्हणत नाही. स्थानकाच्या पाटीखाली एक ओळ हवी: महालक्ष्मी मंदिर इथून किती लांब, बस कुठून.

त्याहून मोठा घोळ बाहेर पडण्याच्या दारांचा. भुयारी स्थानकाला रस्त्याच्या दोन्ही अंगांना तोंडं असतात आणि त्यांना ए, बी अशी अक्षरं आणि आकडे दिलेले असतात. बांधकामाच्या आराखड्यात ही खूण सोयीची असेल. पण हुतात्मा चौकला उतरलेल्या माणसाला हायकोर्टाकडे जायचं असतं, काळा घोड्याकडे जायचं असतं, गेटवेला चालत जायचं असतं. चुकीच्या तोंडानं वर आला की मध्ये वाहता रस्ता, आणि म्हाताऱ्या माणसाला पुन्हा तेवढेच जिने. पाट्या आहेत, नाहीत असं नाही. पण त्या जिन्याच्या तोंडाशी आहेत, आणि माणसानं वळायचं ठरवलेलं असतं त्याच्या आधी, फाटकातून बाहेर पडता पडता. तिथं, त्या पहिल्या दहा पावलांत, मोठ्या अक्षरांत आणि चित्रांसह पाटी हवी.

चित्रांसह म्हणण्यामागे कारण आहे. मेक्सिको सिटीची मेट्रो १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हा शहरात वाचता न येणारी माणसं पुष्कळ होती. तिथं प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्र दिलं गेलं: कुठं टोळ, कुठं घंटा, कुठं कारंजं. लान्स वायमन या अमेरिकन आरेखकानं ती चित्रं काढायला सुरुवात केली. ज्याला वाचता येत नव्हतं तोही 'टोळाच्या स्थानकावर उतर' एवढ्यावर शहरभर फिरू लागला. पुढं साक्षरता वाढली, पण ती चित्रं कुणी काढून टाकली नाहीत. नव्या मार्गिकांनाही तशीच चित्रं मिळत गेली आणि स्पॅनिश न येणारा परदेशी पाहुणाही आज त्यांच्याच आधारानं फिरतो. टोकियोनं २००४ मध्ये भुयारी स्थानकांना मार्गाचं अक्षर आणि क्रमांक दिले. जपानी लिपी न वाचता येणाऱ्यासाठी केलेली ती सोय, पण अजून किती स्थानकं उरली हे स्थानिक माणसालाही क्रमांकावरून चटकन कळतं. आपल्याकडे २७ स्थानकं आहेत. सिद्धिविनायकाला गणपती, गिरगावला चौपाटी, धारावीला कुंभाराचं चाक, विधान भवनला त्याची इमारत: हे सुचायला परदेशी सल्लागार लागत नाही. जे.जे. कला महाविद्यालयाची मुलं हे काम एका सत्रात करून देतील, आणि जे.जे. सीएसएमटी स्थानकापासून हाकेच्या अंतरावर आहे.

आणि तिकीट. सिद्धिविनायकाचं दर्शन घेऊन कान्हेरी लेणी पाहायची म्हटलं तर मेट्रोनं जाता येतं: मार्गिका ३ नं मरोळ नाका, तिथून मार्गिका १ नं पश्चिम द्रुतगती महामार्ग, पूल ओलांडून गुंदवली, मग मार्गिका ७ नं राष्ट्रीय उद्यान. एका शहरातला एक प्रवास, पण तीन मार्गिका तीन वेगवेगळ्या संस्था चालवतात. मार्गिका २ अ आणि ७ साठी ८० रुपयांत दिवसभर आणि २०० रुपयांत तीन दिवस कितीही फिरा, असा पास निघाला होता. कल्पना चांगलीच होती, पण तो पास दुसऱ्या संस्थेच्या फाटकापाशी निरुपयोगी. पर्यटकांसाठी खास पास मागणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: पास नव्हता म्हणून कुणी अडलं नाही, पास दुसरीकडे चालला नाही म्हणून अडलं. लंडनमध्ये २००३ पासून मेट्रो आणि बस दोन्हींना चालणारं ऑयस्टर कार्ड आहे. ते रहिवाशासाठी निघालं, पर्यटकही तेच घेतो, आणि दिवसभरात कितीही फिरलं तरी ठरावीक रकमेपुढे पैसे कापले जात नाहीत. पर्यटकाला वेगळं काही द्यावंच लागलं नाही.

यावर उत्तर येतं की आता 'मुंबई वन' ॲप आहे, त्यात अकरा संस्थांची तिकिटं मिळतात. ही खरोखर पुढची पायरी आहे आणि ती उशिरा का होईना चढलो, याचा आनंद आहे. पण ॲपला फोन लागतो, फोनला रेंज लागते, आणि शेवटचा टप्पा सुरू झाला तेव्हा भुयारात मोबाईलला रेंजच नव्हती. वाय-फायला जोडून, ओटीपीची वाट पाहून, तिकीट काढून गाडी पकडणं हे रोजच्या तरुण प्रवाशाला जमतं. बटव्यातून पन्नासची नोट काढणाऱ्याचं काय? खिडकीवर रोख घेतात, कागदी तिकीट मिळतं. मग ते तिकीट.

सिद्धिविनायक स्थानकात मी पाहिलेली गोष्ट सांगतो. एका आजींनी तिकीट नीट चौघडी घालून प्रसादाच्या पुड्याबरोबर पिशवीत ठेवलं होतं, एसटीचं ठेवावं तसं. कागदावरच्या क्यूआर कोडवर नेमकी घडी आली होती. यंत्र काही ते वाचेना. मागं माणसं थांबली. एक सुरक्षारक्षक आला, त्यानं तिकीट हातात घेऊन तळव्यावर ठेवलं, अंगठ्यानं घडी दाबून सपाट केली आणि म्हणाला, "आजी, हा काळा चौकोन खाली काचेवर धरा, आणि बाहेर पडेपर्यंत हे दुमडायचं नाही बरं." फाटक उघडलं. अर्धं मिनिटही गेलं नसेल. मेट्रोच्या जाहिरातींत यंत्रं दिसतात. नवख्याला पार करतो तो हा माणूस. त्याची नेमणूक सुरक्षेसाठी आहे, वाट दाखवणं हे त्याचं कामही नाही. ते कुणाचं तरी काम असायला हवं, मराठीत आणि हिंदीत बोलणाऱ्या, फाटकाबाहेर उभ्या असणाऱ्या, बाहेरच्या रस्त्यांची माहिती असलेल्या माणसाचं. काचेमागं बसलेल्याकडं गावचा माणूस विचारायला जातच नाही.

या सगळ्याखाली एक न बोललेली गोष्ट आहे आणि ती मला सर्वांत जास्त टोचते. 'पर्यटक नकोत' म्हणताना अनेकांच्या मनात परदेशी पाहुणा नसतोच. त्याला तर आपण फोटो काढून घ्यायला बोलावतो. मनात असतो तो गठुडं घेऊन आलेला, डब्यात खाली बसणारा, मोठ्यानं बोलणारा माणूस. मार्च २०२२ मध्ये पुण्यात मेट्रो सुरू झाली तेव्हा शनिवार-रविवारी नुसती बसून बघायला येणाऱ्या कुटुंबांची केवढी टिंगल झाली! 'जॉयराइड' म्हणून हिणवलं गेलं. त्यात चूक काय होतं? सरकता जिना, फाटक, दारं बंद होण्याची घंटा हे एकदा हसतखेळत करून पाहिलं की भीती मोडते. पुढं भुयारी मार्ग मंडई-स्वारगेटपर्यंत गेला आणि गणेशोत्सवात विसर्जनाच्या रात्री मेट्रो अखंड चालवावी लागली, तेव्हा त्या गर्दीत गावोगावहून दगडूशेठचा गणपती पाहायला आलेली माणसं होतीच.

रेल्वेनंही हाच प्रवास केला आहे. इंग्रजी अमदानीत प्रवासी उत्पन्नाचा मोठा भाग तिसऱ्या वर्गातून येई आणि सोयींत तोच वर्ग शेवटी असे. जत्रांच्या दिवसांत यात्रेकरूंना मालडब्यांत कोंबून नेत, त्याच्या तक्रारी होत. आपल्या बार्शी लाइट रेल्वेचं पाहा: १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी ती सुरू झाली आणि १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत पोचली. त्या छोट्या गाडीला पंढरपूरच्या फलाटावर कोण उतरणार हे ठाऊक होतं. वर्षातून दोन-चारदा येणारा वारकरी हा तिचा उपरा प्रवासी नव्हता, तिच्या अस्तित्वाचं ते एक मोठं कारण होतं.

मुंबईला असा दिवस आहे, ६ डिसेंबर. विदर्भातून, मराठवाड्यातून लाखो माणसं चैत्यभूमीला येतात, शिवाजी पार्कवर मुक्काम करतात, आणि त्यातली कितीतरी या निमित्तानं पहिल्यांदाच मुंबई पाहतात. दादरचं मेट्रो स्थानक चैत्यभूमीला रेल्वेच्या दादरपेक्षा जवळ आहे. तेव्हा पर्यटनाच्या धोरणावर बैठका घेणाऱ्यांनी सुरुवात या दिवसापासून करावी: पाच तारखेची रात्रभर गाड्या, रोख घेणाऱ्या जादा खिडक्या, फाटकाच्या तोंडाशीच 'चैत्यभूमी' आणि 'शिवाजी पार्क' अशा चित्रांसह मोठ्या पाट्या, सरकत्या जिन्यापाशी हात देणारी माणसं, परतीला सीएसएमटी आणि मुंबई सेंट्रलच्या आगाराची वाट सांगणारा कुणीतरी. आणि हे सारं सात तारखेला आवरून गोदामात ठेवू नये, तिथंच राहू द्यावं.